विकतचा मासा

"बटाटा उपासाला चालतो, आये," हरेश म्हणाला आणि त्याने ट्रेमधली बटाट्याची मोठी फोड माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, आजाऱ्याच्या ताटातलं खाऊ नये. तो म्हणाला, हे ताट नाही, ट्रे आहे, ट्रेला तो नियम लागू नाही. मला हसू आलं. बरं, एवढं म्हणतोस तर प्रसाद समजून खाते, असं म्हणत मी फोड उचलली. तेलात आणि लिंबाच्या रसात शिजवलेली होती, वरून कसलातरी वाळका पाला भुरभुरलेला. खाऊन झाल्यावर मान वर केली तर हरेश माझ्या तोंडाकडे बघत होता. दुसरी फोड पुढे केली. तीही मी खाल्ली.

"आज कसला उपास?"

"गुरुवार नाही का. दत्ताचा."

"आणि काल?"

"काल चतुर्थी होती."

"परवा?"

"तू काय पंचांग मांडून बसलायस? गप जेव. निवतंय सगळं."

तो गप जेवला. पण त्यानंतर घासागणिक माझ्याकडे बघत होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

ही गोष्ट पिरेअसची. ग्रीस देशातलं मोठं बंदर. मी कोकणातल्या हर्णैची, सगळा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकण्यात गेलेला. मुंबईपलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. हरेश माझा थोरला, मालवाहू जहाजावर खलाशी होता. पिरेअसच्या धक्क्याला जहाज बांधताना मनगटाएवढा जाड दोर ताण येऊन तुटला आणि त्याचा फटका त्याच्या नडगीवर बसला. हाडाचे तुकडे झाले. बेशुद्धीतच त्याचं पहिलं ऑपरेशन केलं, पायातून आरपार सळया घातल्या. शुद्धीवर आल्यावर पोरगं ना जेवायला तयार ना बोलायला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. तेव्हा डॉक्टरांनीच कंपनीला सांगितलं की ह्याच्या घरचं माणूस आणा. पासपोर्ट हरेशनेच आदल्या साली काढून ठेवला होता, मला कधीतरी दुबई दाखवायची म्हणून. दुबई राहिली बाजूला. मी पायात हरेशच्या धाकट्या भावाचे मोजे घालून, लुगड्यावर स्वेटर चढवून विमानात बसले.

कंपनीच्या एजंटाकडे डिमेलो नावाचे गृहस्थ होते. मूळचे वसईचे, पण केस पिकले ते तिथेच. मराठी अजून तोंडात होती. त्यांनी मला विमानतळावरून आणलं, बंदराजवळच्या एका लहानशा हॉटेलात खोली दिली आणि सगळं समजावून सांगितलं. खोलीचे पैसे कंपनी परस्पर भरणार. जेवणाखाणाला आणि बसला दिवसाचे पाच हजार, दर सोमवारी आठवड्याचे एकदम पाकिटात. पाच हजार ऐकून मला घामच फुटला. ते हसले. म्हणाले, मावशी, हे रुपये नव्हेत, ड्राखमा. सातांनी भागा म्हणजे रुपये निघतील.

मला तेव्हा सही येत नव्हती. अक्षर गिरवायला बसले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पावतीवर अंगठाच उठवायचे. पण भागाकार येत होता. पाटी घेऊन बसणारीला भागाकार न येऊन कसं चालेल? दिवसाचे सातशे रुपये. हर्णैच्या बाजारात आठवडाभर उन्हात बसून, गिऱ्हाइकाशी घसा फोडून मला एवढे सुटायचे नाहीत.

त्या भागाकाराने माझा घात केला. मी जी वस्तू बघेन ती मनात सातांनी भागू लागले. काचेच्या पेल्यातला चहा सत्तर रुपये. सत्तर रुपयांत घरी महिन्याची चहापूड येते. भाकरीएवढ्या जाड पावाचे तीस रुपये. केळं मोजून वजन करून देतात आणि एका केळ्याच्या पैशांत आमच्याकडे डझन यावं. बस म्हणजे चढावरच्या इस्पितळापर्यंत जायचे पंधरा आणि यायचे पंधरा, तेवढ्यासाठी बसमध्ये कशाला बसा, देवाने पाय दिलेत की. हरेशच्या पायाकडे बघून आल्यावर तर मला स्वतःचे धड पाय वापरल्याशिवाय राहवायचं नाही.

सोबत आणलेले पोहे मी खोलीतल्या नळाच्या गरम पाण्यात भिजवून खायचे, वर सुकटीची चटणी. ते संपले. मग हॉटेलच्या कोपऱ्यावरचा पाववाला आदल्या दिवशीचा पाव निम्म्या पैशांत द्यायचा, तो एक घेतला की तीन दिवस चालवायचा. रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याची झाडं होती. फळांनी लगडलेली. खाली सडा पडलेला आणि कोणी वाकून उचलत नव्हतं. मला वाटलं, केवढी माजलेली माणसं. ओटीभर वेचून खोलीवर आणली, सोलून तोंडात टाकली तर कडू जहर. शोभेची झाडं ती. तरी मी मीठ लावून थोडी खाल्ली. टाकवेना.

पैसे साठवत होते ते हरेशसाठी. त्याचा पाय मी उघडा बघितला होता. नर्स पट्टी बदलताना सळयांच्या मुळाशी पू यायचा. उद्या हा पाय गेला तर ह्याला जहाजावर कोण घेणार? होडीवर तरी कोण घेईल? पण बाजारात छपराखाली एक जागा, बर्फाची पेटी, बसायला फळी एवढं झालं तर बसल्या जागी मासळी विकता येते. बाई करते ते बाप्या का नाही करणार. सोमवारचं पाकीट आलं की मी दोन-चार नोटा बाहेर ठेवायचे आणि बाकीच्या कापडी बटव्यात घालून कमरेला बांधायचे. रात्री झोपतानासुद्धा सोडत नसे. बटवा जसा फुगत होता तशी ती बर्फाची पेटी मला दिसत होती.

इस्पितळात जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी थोडा वेळ बसू द्यायचे. तेवढंच काय ते बोलणं. बाकीचा सगळा दिवस मी बंदरावरच्या बाकावर काढायचे. मोठमोठ्या बोटी यायच्या, माणसं उतरायची, एकमेकांच्या गळ्यात पडायची, जायची. मी आपली बसलेली. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. हॉटेलची मालकीण काळे कपडे घालणारी म्हातारी होती, बहुतेक विधवाच. जाता-येता ती काही म्हणायची आणि मी काही म्हणायचे. दोघींनाही कळायचं नाही, तरी बरं वाटायचं. काही दिवस तर असे गेले की सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसायचा. मग इस्पितळात हरेशशी बोलायला जावं तर आवाजच फुटायचा नाही, आधी खाकरावं लागायचं. बंदरावर लहान होड्याही यायच्या, धक्क्यालाच मासळी विकायच्या. मी लांबून बघायचे. विकणारे सगळे बाप्ये. मासळी ओळखीची नव्हती, पण वास ओळखीचा होता. तो वास आला की मी बाक बदलायचे.

हरेशच्या शेजारच्या खाटेवर एक इजिप्तचा खलाशी होता. त्याची भाषा हरेशला येत नव्हती, पण दोघं खुणांनी पत्ते खेळायचे. एका दुपारी गेले तर खाट रिकामी, गादी गुंडाळलेली. रात्रीच तो वारला होता, आणि त्याचं कोणी येऊ शकलं नव्हतं. हरेश त्या खाटेकडे पाठ करून पडला होता. त्या दिवशी त्याने माझा हात जेवणाची वेळ संपेपर्यंत सोडला नाही, चांगला बावीस वर्षांचा बाप्या. मी मनाशी गाठ मारली की हा पायावर उभा राहील त्या दिवशी ह्याच्याबरोबरच हे गाव सोडायचं. आधी नाही.

डॉक्टरांचं म्हणणं साफ होतं. पू थांबला की दुसरं ऑपरेशन. तोवर हलायचं नाही. मध्येच उठून गेला तर पाय वाचायची खात्री नाही, बहुधा कापावाच लागेल. कंपनीचं म्हणणं वेगळं. त्यांना खर्च नको होता. त्यांचा एक कागद होता. त्यावर सही केली की ठरलेली रक्कम हातात, दोघांचं तिकीट, आणि पुढचे उपचार आपले आपण, आपल्या खर्चाने. मग कंपनीचा संबंध संपला. डिमेलोंनी तो कागद दोनदा आणला होता. हरेशने दोन्ही वेळा हाकलून दिलं होतं.

बटाटा खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, डिमेलो मला शोधत बाकापाशी आले. सोमवार नव्हता, म्हणून मी दचकले. ते शेजारी बसले. म्हणाले, मावशी, बांधाबांध करा, तुमचा मुलगा तयार झाला. उद्या दुपारी सही करतो म्हणाला.

मला आधी कळेचना. मी विचारलं, पू थांबला का? ते म्हणाले, नाही. मग कसा तयार झाला?

डिमेलोंच्या मनाला काहीतरी लागलं होतं. "मावशी, खरं सांगा. मी तुमच्या पैशांतली एक दमडी कधी खाल्ली?"

"नाही हो. असं का विचारता?"

"त्याला तसं वाटतंय. म्हणाला, माझ्या आईला तुम्ही पैसे देत नाही. मी त्याला पावत्या दाखवल्या, तुमचे अंगठे दाखवले. तर म्हणतो, माझ्या आईचा अंगठा कोणीही कुठेही उठवून घेईल. म्हणाला, ती उपाशी आहे, मला इथे राहायचं नाही." ते उठले. जाताना म्हणाले, "माझं काय, मला सही मिळाली की माझं काम झालं. पण चोर म्हणवून घ्यायची सवय नाही मला."

संध्याकाळची वेळ होईपर्यंत मी इस्पितळाच्या दारात उभी होते. आत सोडल्याबरोबर हरेशच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, हे काय ऐकते मी? मग मी म्हटलं, डिमेलोसाहेब भला माणूस आहे, दर सोमवारी पैसे देतो, सगळे देतो, मला काही कमी नाही.

"मग उपास कसले?"

"देवाचे."

"आये, तुझे उपास मला नको सांगू. बाबा गेले त्या साली आखाडात तुला रोज उपास होता. होड्या बंद होत्या, घरात पीठ नव्हतं. आम्ही चौघं जेवायचो आणि तू म्हणायचीस, आज माझा उपास. धाकटी तर म्हणायची, आपली आये किती देवभोळी. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला सगळं कळत होतं. कळून जेवत होतो."

इतक्या वर्षांत त्याने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला वाटायचं, पोरांना कळलं नाही. आईचं आणि काय असतं दुसरं, पोरांना कळलं नाही एवढंच तर समाधान.

मी आजूबाजूला बघितलं, बाकीच्या खाटांकडे पाठ केली आणि कमरेचा बटवा सोडला. त्याच्या चादरीवर उपडा केला. "हे बघ. आता तरी पटलं? पैसे देतो तो. सगळे आहेत. कमी नाही मला."

मला वाटलं, आता ह्याचा जीव भांड्यात पडेल. तो नोटा बघत राहिला. एकेक उलगडून बघितली. आणि त्याचा चेहरा होता त्याहून उतरला.

"हे सगळे साठवलेस? म्हणजे आल्यापासून तू जेवलीच नाहीस."

"जेवते रे. थोडं थोडं."

"कशाला साठवलेस?"

मी त्याला बर्फाच्या पेटीचं सांगितलं. छपराखालच्या जागेचं सांगितलं. सांगताना मलाच कळत होतं की मी काय बोलून बसले. आईने पोराला तोंडावर सांगितलं की तुझा पाय जाणार असं मी धरून चालले आहे.

त्याने नोटा नीट रचून माझ्या हातात दिल्या. रागावलाही नाही. म्हणाला, "मला वाटलं होतं की तुला पैसे मिळत नाहीत. ते तरी बरं होतं, भांडून मिळवता आले असते. हे असं असेल तर तू इथे आहेस तोवर उपाशीच राहणार. तू परत जा, मी राहतो एकटा."

मी रिकाम्या खाटेकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"मी जायची नाही," मी म्हटलं.

"मग दोघं जाऊ. उद्या सही करतो."

मी म्हटलं, उद्यापासून जेवते. तो हसला. मी म्हटलं, तुझी शपथ. तो म्हणाला, शपथ घालू नकोस, तुला मी ओळखतो, तू पावाचा वास घेऊन येशील आणि जेवले म्हणून सांगशील. घंटा झाली. नर्सने येऊन मला खांद्याला धरून उठवलं.

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही. सकाळी उठले ती बंदरावर गेले. होड्या लागल्या होत्या, पण त्या दिवशी मी बाक बदलला नाही, पुढे गेले. धक्क्याला लागून एक खानावळ होती. दारात लाकडी फळीवर बर्फ पसरून त्यावर मासे मांडून ठेवलेले. आपण बोट दाखवायचं, मालक वजन करायचा, निखाऱ्यावर भाजून द्यायचा. हे सगळं मी लांबून कितीदा बघितलं होतं.

आयुष्यात मी मासा विकत घेतला नव्हता. विकले किती त्याला गणती नाही. घरात शिजायचा तो उरलेला. पापलेट, सुरमई, हलवा हे पाटीतून लोकांच्या घरी जायचे. आमच्या रश्श्यात डोकी, शेपट्या, बारीक मांदेली. त्यामुळे फळीसमोर उभी राहिले आणि काय करतात तेच सुचेना. गिऱ्हाईक कसं उभं राहतं ते मला पलीकडच्या बाजूनेच माहीत होतं. हात आपोआप पुढे झाला आणि एका मोठ्या रुपेरी माशाचा कल्ला मी वर केला. लालभडक होता, म्हणजे ताजा. मालकाने माझ्याकडे निरखून बघितलं. लुगडं, स्वेटर, मोजे. मग हाताने विचारलं, हा? मी मान हलवली.

वजन करून त्याने कागदावर आकडा लिहिला. आकडे मला वाचता येत होते. दिवसभराच्या पैशांहून जास्त. मी तो आकडा सातांनी भागला नाही. पहिल्यांदाच नाही भागला. भागला असता तर मासा तिथेच राहिला असता. बटवा उघडून नोटा त्याच्यापुढे धरल्या आणि म्हटलं, घे बाबा. त्याने मोजून घेतल्या. एक पैसा कमी कर असं मी खुणेनेसुद्धा म्हटलं नाही.

मासा भाजून, तेल-लिंबू घालून, चंदेरी कागदात गुंडाळून त्याने दिला. वर एक पावही ठेवला. ते गरम बोचकं स्वेटरच्या आत धरून मी चढ चढले. वाटेत दोनदा टेकावं लागलं. पोचले तेव्हा जेवणाची गाडी येऊन गेली होती आणि डिमेलो खाटेशेजारी खुर्चीवर बसले होते. मांडीवर कागद, खिशात पेन. हरेश उशीला टेकून बसला होता.

मी हरेशच्या ट्रेमधलं भांडं बाजूला केलं, तिथे माझं बोचकं ठेवलं आणि सोडलं. वाफ आली. इतर खाटांवरची माणसं माना वळवून बघायला लागली.

"हे काय?" हरेश म्हणाला.

"माझं जेवण."

"आज शनिवार. मारुतीचा."

"मारुती समजून घेईल. तो काय तुझ्यासारखा पंचांग घेऊन बसत नाही."

डिमेलोंना हसू आवरलं नाही. त्यांनी माशाकडे बघितलं आणि विचारलं, मावशी, केवढ्याला घेतलात? मी आकडा सांगितला. ते म्हणाले, अहो, एवढ्यात मी बायकोला घेऊन जेवून येतो.

हरेश माझ्या हाताकडे बघत होता. मी पाठीवरची साल काढली, काटा मोकळा केला आणि पहिला घास घेतला.

"घासाघीस केलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"नाही केली. सांगितले तेवढे दिले."

त्याने डिमेलोंकडे बघितलं, जसं काही साक्षीदार हवा होता. मग म्हणाला, "खा."

मी खाल्लं. चार घासांनंतरच पोट भरलं. सवय मोडलेलं पोट, त्याला एवढं कुठे पेलणार. मी थांबले तर तो म्हणाला, अजून आहे. मी खाल्लं. हरेशला एक घास देऊ केला. त्याने मान हलवली. म्हणाला, आजाऱ्याला देऊ नये. मग मी एकटीच खात राहिले आणि ते दोघं बघत राहिले. डिमेलोंनी एकदा घड्याळ बघितलं, पण उठले नाहीत. डोक्याची बाजू आली. डोकं मी कधी टाकलेलं नाही. तेही चोखून खाल्लं. पावाने तेल पुसून घेतलं. कागदावर नुसता काटा उरला.

"उद्या?" हरेश म्हणाला.

"उद्यापण."

"आणि परवा?"

"रोज. तू पायावर उभा राहीस्तोवर. हे संपले की सोमवारी साहेब आणून देतील. घरी एक पैसा नेणार नाही."

"आणि तुझी ती बर्फाची पेटी?"

"बर्फाची पेटी कोणाला हवीय," मी म्हटलं. "तू जहाजावर जाशील."

हरेशने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत डिमेलोंना म्हणाला, "साहेब, मी चुकलो. तुम्हाला वाईटसाईट बोललो. कागद घेऊन जा."

डिमेलोंनी कागद दुमडला. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो, असं काहीसं म्हणाले. जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. तेव्हा मला वाटलं की त्या माणसालाही त्या गावात आपलं म्हणावं असं फारसं कोणी नसावं.

घंटा होईपर्यंत मी बसून होते. हसत होते, बोलत होते. बाहेर पडून भिंतीच्या आडोशाला पोचले आणि जेवढं खाल्लं होतं तेवढं सगळं बाहेर पडलं. तिथेच खाली बसले. कोणीतरी बाई थांबली, पाण्याची बाटली पुढे केली, पाठीवरून हात फिरवला. मी तिला म्हटलं, काही नाही गो बाय, बरी आहे मी. ती तिच्या भाषेत काही म्हणाली आणि गेली. हे हरेशला मी कधीच सांगितलं नाही. तो हे वाचणार नाही, त्याला वाचायचा कंटाळा आहे.

पू थांबला, पण सावकाश. दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा त्या झाडांवरची संत्री संपून फुलं आली होती. पाय वाचला. बोटभर आखूड राहिला, पण आपला राहिला. पुढे तो जहाजावर परत गेला, लग्न झालं, आता त्याचीच पोरं कॉलेजात आहेत. मी घरी आले तेव्हा बटव्यात काही नव्हतं. शेजारणींनी विचारलं, काय आणलंस परदेशातून? मी म्हटलं, पोरगं आणलं.

पण मला त्या सगळ्यातला जो दिवस आठवतो तो मासा खाल्ला तो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवसाचा रविवार आठवतो.

रविवारी दुपारी मी पुन्हा त्याच खानावळीत गेले. बोचकं बांधून चढ चढायचं नाही, तिथेच बसून, गरम गरम, पोट मानेल तेवढं खायचं, असं हरेशने बजावलं होतं. आणि काय खाल्लं ते संध्याकाळी सांगायचं, चव सांगायची, खोटं बोललीस तर मला कळेल म्हणाला. खानावळ माणसांनी भरलेली होती. आजे, आज्या, लेकीसुना, पोरं, टेबलं एकमेकांना जोडून बसलेली. एकाच्या ताटातलं दुसरा उचलत होता, कोणी कोणाला भरवत होतं. मी जन्मात कधी एकटी जेवायला बसले नव्हते. सगळ्यांच्या मागून जेवले, उभ्याने जेवले, बाजार उठल्यावर वाळूत बसून चार जणींच्या भाकऱ्या एकत्र करून जेवले. पण एकटीने पान घेऊन बसायचं म्हणजे आमच्यात घर ओसाड झाल्याची खूण. उपाशी राहणं मला जमत होतं. त्यात काही नवीन नव्हतं. हे नवीन होतं, आणि आता हे रोज करायचं होतं.

दारातून परत फिरावं असं वाटलं. तेवढ्यात मालकाने मला ओळखलं. हात पुसत पुढे आला. आत नजर टाकून, माझ्या मागे कोणी आहे का ते बघून, त्याने हाताने विचारलं, किती माणसं?

मी एक बोट दाखवलं.